आरशातला दिवा

मी गाड्या विकते. बावीस वर्षं झाली. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, मी तर चांगल्या चकचकीत गाड्या खपवते, तेव्हा माझं तोंड किती चालत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. दादा मला लहानपणापासून टकळी म्हणतो. सख्खा थोरला भाऊ, त्यामुळे चिडवायचा हक्क त्याचाच.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. घरातली नाही, कपड्यांच्या कारखान्यातली, दोघांनी उचलायची. कारखान्यात जायचं, मशीन गाडीच्या मागे घालून घरी आणायचं, खोलून बसायचं आणि नीट करून परत पोचवायचं. गेल्या वर्षी त्याच्या मानेचं ऑपरेशन झालं. मणक्यांना पट्टी लावून स्क्रू बसवले. "आता मीच दुरुस्त केलेलं मशीन झालो," म्हणाला आणि हसला. पण मान जी थिजली ती थिजली. कुणी हाक मारली तर अख्खा माणूस वळतो, कपाट सरकवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण बाजूचं दिसायची काहीतरी सोय करा. जुन्या गाडीत कसली आलीय सोय! आणि गाडी बंद म्हणजे दादाचा धंदाच बंद.

मी म्हटलं, माझ्याकडे ये. त्याला ट्रायलच्या गाडीत बसवलं. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते: ट्रायलची गाडी नेहमी सगळ्यात वरच्या मॉडेलची. गिऱ्हाइकाला सगळं दाखवायचं, चटक लावायची, मग किंमत सांगायची. त्या गाडीच्या बाहेरच्या आरशात कोपऱ्याला एक पिवळा दिवा असतो. आरशात न दिसणाऱ्या जागी कुणी आलं की तो लागतो. माणूस गेला की विझतो. एवढंच. चिमुकला, शर्टाच्या बटणाएवढा.

दादाने दोन चौक पार केले आणि गाडी कडेला घेतली. बघते तर डोळे पुसतोय.

"टकळे, मान परत मिळाली गं."

घोडं अडलं ते पुढे. तो दिवा सुटा मिळत नाही. तो हवा असेल तर उघडं होणारं काचेचं छत घ्या, थंड होणाऱ्या सीटा घ्या, चौदा स्पीकर घ्या. किंमत गाडीच्या पाचव्या हिश्शाने वर.

"मला नुसता दिवा दे ना," दादा म्हणाला. "छत उघडून करू काय? वर तरी बघता येतं का मला?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी म्हटलं, "बघते मी काहीतरी." या तीन शब्दांनीच माझा घात केला.

आम्हाला शिकवायला कंपनीचा एक माणूस यायचा. गोड बोलायचा. तो म्हणाला होता, "दिवा सुटा विकला तर लोक दिवाच घेतील. मग छत कोण घेणार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. त्या वेळी आमच्या मॅनेजरला मी विचारलं होतं, मग सगळ्याच गाड्यांत का नाही देत? तर म्हणाला, "सगळ्यांत दिला की स्वस्त गाडी महाग होते, ज्याला आज कशीबशी गाडी परवडते तो परत दुचाकीवर जातो. तिथे त्याला कोण दिवा दाखवणार?" तेही काही खोटं नाही. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं. मधे आमचा दादा, मान आखडलेला.

मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. डॉक्टरांचा कागदही जोडला. उत्तर आलं: नियमानुसार सुटी सोय देता येत नाही, आपल्या सूचनेचे स्वागत आहे. बाहेरच्या दुकानात बसवून घ्यावा, तर वॉरंटी जाते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, त्यातली गत.

शेवटी आमच्याच वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, "ताई, सेन्सर काय, दिवा काय, सगळ्याच गाड्यांत बसून येतात. वेगवेगळे बंपर आणि आरसे बनवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं त्यांना. फक्त कुलूप असतं. ते कंपनीतून उघडतात."

"तुला उघडता येतं?"

"येत असतं तर तुमच्याकडून नुसता चहा पीत बसलो असतो का?"

म्हणजे दादा जी गाडी घेईल तिच्यात वस्तू आहेच, सरळ, धडधाकट. पण ती झोपलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. झाला तर झाला, कुणाला काय त्याचं!

दादाने मधलं मॉडेल घेतलं. गाडी न्यायच्या दिवशी वहिनी आली, दोन्ही भाचरं आली, वहिनीची आईसुद्धा आली. गाडी ताब्यात देताना आमच्याकडे एक फॉर्म असतो, चव्वेचाळीस ओळींचा. आम्ही भराभर वाचतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि खाली सही करतं. कुणी ऐकत नाही. आम्हीही ऐकू जाईल असं वाचत नाही. एकतिसावी ओळ, बाजूचा इशारा दिवा. मी त्याच सुरात म्हटलं, "लागू नाही," आणि बत्तिसाव्या ओळीवर गेले. तिथे टायर होता.

थांबून सांगायला हवं होतं. दादा, दिवा नाही जमला, एवढं एक वाक्य. पण वहिनी सगळ्यांना सांगत होती, "ताईंचा शब्द चालतो हो इथे." बावीस वर्षं या दुकानात काढली आणि सख्ख्या भावाला बटणाएवढा दिवा देता आला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? दिवसभर जगाशी बडबडणारी मी, तिथे मूग गिळून उभी राहिले.

दादाने गाडी सुरू केली. गाडी सुरू झाली की सगळे दिवे एक क्षण लागतात, आपली आपण तपासणी करतात आणि विझतात. आरसेही सगळ्या गाड्यांचे तेच. त्यामुळे आरशातला पिवळा दिवाही लागला. दोन्ही बाजूंचा. दादाने आधी तिकडे पाहिलं, मग अख्खा वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते त्याचे.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी पाहिलं होतं तो कुठे बघत होता ते. म्हटलं, संध्याकाळी फोन करून सांगू. संध्याकाळी म्हटलं, रविवारी सांगू. असे चार महिने गेले.

परवा दुपारी दादा कारखान्यातून मशीन घेऊन निघाला. डावीकडे वळायचं होतं. त्याने आरशात पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, दिवा विझलेला होता. म्हणून वळला. डाव्या बाजूला सायकलवर एक बाई होती, पोस्टात काम करणारी. मागचं चाक तिच्या पायावरून गेलं.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, हातात तिचा एकच बूट. दादा बाकावर ताठ बसला होता. पोलीस नुकताच लिहून घेऊन गेला होता. वहिनी म्हणाली, "सगळा दोष स्वतःवर घेतलाय यांनी. मी पाहिलं नाही, माझी चूक, एवढंच म्हणतायत."

तिला पाणी आणायला पाठवून दादाने मला जवळ बसवलं. आवाज अगदी खाली आणला.

"दिवा लागला नाही गं ऐनवेळी. बिघडला असेल. पण मी कुणाला बोललो नाही. तू नियम मोडून करून दिलास, तुझी नोकरी जायची."

चार महिने हा माणूस माझं गुपित सांभाळत होता, जे गुपितच नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "मी काही नाही केलं. नाही दिला त्यांनी. तो दिवा तुझ्या गाडीत कधी चालूच नव्हता."

तो समोर बघत राहिला. "मग रोज सकाळी लागायचा तो?"

"ती तपासणी असते. सगळ्याच गाड्यांत लागतो. एक क्षण."

"असं होय," तो म्हणाला. "रस्त्यात कधी लागायचा नाही, तर मला वाटायचं, बाजूला कुणी नाहीच." आतून कुणीतरी धावत बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. "रोज तो लागला की मी म्हणायचो, टकळीने केलं हो माझ्यासाठी."

मला रडू फुटलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला, त्याने काढला नाही, पण धरलाही नाही.

"कुठे लिहिलं होतं का ते, दिवा नाही म्हणून?"

"फॉर्मवर. एकतिसाव्या ओळीत. तुझी सही आहे खाली."

"वाचून दाखवलं होतंस?"

"हो."

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्या नवऱ्याशी हळू आवाजात तिच्या पायाबद्दल बोलू लागले. बूट त्याच्या हातातून खाली पडला. त्याने उचलला नाही. दादाने ते पाहिलं, मग खांदे, कंबर, पाय असा सगळाच्या सगळा माझ्याकडे वळला.

"आयुष्यभर एवढी बोललीस गं," तो म्हणाला. "एवढंच बोलायचं राहिलं?"