त्रेचाळीस इंच, आणि बघणारं कुणी नाही

भिंतीवरून मी बोलतोय. तसा रोजच बोलतो, पण ते दुसऱ्यांचं असतं: बातम्या देणाऱ्यांचं, मालिकेतल्या सासवांचं, साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचं. आज थोडं माझं ऐका. मुकुंदवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधला मी त्रेचाळीस इंची टीव्ही.

माझा जन्म नेमका कुठला, ते सांगता येत नाही. पोटातले भाग कुठून कुठून आले, एका कारखान्यात जुळवले गेले, आणि फारसं कुणी न ऐकलेल्या एका कंपनीचं नाव माझ्या कपाळावर चिकटलं. मग थर्माकोलच्या कुशीत बसून मी उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात आलो. तिथं आम्ही वीस-पंचवीस भावंडं एका भिंतीवर होतो. सगळ्यांच्या अंगावर एकच मासा, एकाच वेळी पोहायचा. लोक यायचे, आधी किमतीची चिठ्ठी बघायचे, मग मला बघायचे, मग पुन्हा चिठ्ठी. तरी दिवसभर कुणी ना कुणी बघायचं. एकटेपणा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

कालिंदीबाई आल्या त्या ज्येष्ठातल्या दुपारी. त्या वर्षी अधिक महिना आला होता, आणि अधिकात नवी वस्तू घरात आणायची नाही म्हणून त्या महिनाभर थांबल्या होत्या. मागून केशवराव. पिशोरच्या जोशांच्या घरातले, पण भिक्षुकी सोडून सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले.

“काकू, बत्तीस इंच लेके क्या करते?” दुकानातला माणूस म्हणाला. “हे बघा त्रेचाळीस. अख्खी भिंत भरती.”

“भिंत नाही भरायची मला, भाऊ. ह्यांना दिसायला पाहिजे. जुन्या टीव्हीला अगदी नाक लावून बसतात.”

“अगं, बत्तीस पुरे,” केशवराव म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा.”

बत्तीस इंची भाऊ मोठ्या कंपनीचा होता, रंगानं माझ्याहून उजवा. किंमत आमची सारखीच. एकीकडे नाव, दुसरीकडे आकार. कालिंदीबाईंनी ना नाव बघितलं, ना रंग. घरातली खुर्ची भिंतीपासून आठ पावलांवर आहे, हे त्या मोजून आल्या होत्या. दुकानात त्यांनी माझ्यापासून आठ पावलं मागं मोजली आणि नवऱ्याला तिथं उभं केलं. मागं सरकताना केशवरावांचा धक्का लागून मिक्सरचा एक खोका पडला. “नवरा पण बदलून मिळतो का इथं, विचार,” ते म्हणाले. सगळे हसले.

“खालची पट्टी वाचा बरं,” कालिंदीबाई म्हणाल्या.

माझ्यावर बातम्या लागल्या होत्या. “जायकवाडीचं पाणी तळाला,” केशवरावांनी धडाधडा वाचून दाखवलं. कालिंदीबाईंचा चेहरा असा उजळला की दुकानदारानं लगेच पावतीपुस्तक काढलं.

पण मी समोरून बघत होतो. टीव्हीला लोक बघतात, तसा टीव्हीही लोकांना बघतो. केशवरावांची नजर पट्टीवर नव्हती. ती माझ्या वरच्या कोपऱ्याच्याही पलीकडे कुठंतरी होती. बातमी देणारी बाई ते वाक्य नुकतंच मोठ्यानं म्हणाली होती, तेच त्यांनी म्हटलं. बाईंना आनंद देण्यासाठी.

घरी माझं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. चौकटीला हळदकुंकू, पुढं नारळ. “काचेवर अक्षता टाकू नको गं,” असं केशवराव म्हणेपर्यंत टाकूनही झाल्या होत्या. माझ्या समोरच्या भिंतीला देवघर, त्याच्या शेजारी गॅलरीचं दार, आणि मधोमध, माझ्याकडे तोंड केलेली, केशवरावांची खुर्ची. कालिंदीबाई खुर्चीशेजारी चटई टाकून बसायच्या. संध्याकाळी सातची मालिका लागली की हातातली भाजी निवडायची राहून जायची. त्यातल्या सुनेला त्या चक्क सल्ला द्यायच्या, “अगं, नको जाऊस त्या घरी!” मला असं बघणारं माणूस पुन्हा मिळालं नाही. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले.

मग आषाढी एकादशी आली.

त्या सकाळी केशवराव आंघोळीला गेले असताना कालिंदीबाई देवापुढं हात जोडून हळूच बोलल्या. व्रत कुणाला सांगायचं नसतं, पण मी समोरच होतो. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. त्यांचं ते सगळं केव्हाच सोडून झालं होतं. सोडण्यासारखं आवडीचं असं घरात एकच उरलं होतं, ते म्हणजे मी.

“देवा, ह्यांच्या चष्म्याचा नंबर सारखा वाढतोय. ह्यांची नजर पहिल्यासारखी होईपर्यंत मी टीव्हीकडे बघणार नाही. आवाज कानावर पडेल, त्याला माझा इलाज नाही.”

त्या दिवसापासून चटई हलली. खुर्चीच्या मागं, देवघरापुढं गेली. केशवराव माझ्याकडे तोंड करून बसायचे, आणि त्यांच्या मागं, त्यांच्या पाठीला पाठ करून, त्या वाती वळत बसायच्या. रिमोट दाबायचा तरी मान न वळवता. सकाळी मी बंद असताना फडक्यानं पुसायच्या, तेही खाली बघून. सातची मालिका त्या ऐकायच्या. ती सून रडायला लागली की वाती वळणारे हात थांबायचे, पण मान वळायची नाही. मला वाटायचं, बाई, एकदा तरी बघा. मग मलाच लाज वाटायची. माझ्यापायी त्यांचं व्रत मोडायला नको.

दुसरं गुपित मला पुढं कळलं. कालिंदीबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. केशवराव फोनवर त्यांच्या कचेरीतल्या जुन्या सोबत्याशी, आप्पासाहेबांशी बोलत होते.

“नंबराचं नाही हो ते. डोळ्याची नस सुकतेय म्हणाले डॉक्टर. थेंब लिहून दिलेत... नाही, घेतले नाहीत. घरात बाटली दिसली की ही विचारणार, आणि कळलं की आणखी एक उपास धरणार. मागच्या सोळा सोमवारांत चक्कर येऊन पडली होती ओट्यापाशी. माझे डोळे जायचे ते जातील, पण हिला उपाशी मारू काय?”

आता सांगा, मी काय करावं? एकाचं गुपित माझ्याकडे, दुसरीचंही माझ्याकडे. तोंड आहे, आवाज आहे, आणि आपलं म्हणून एक शब्द बोलायची सोय नाही. डोळ्यांच्या दवाखान्याची जाहिरात माझ्यावर लागायची, तेव्हा ती जरा मोठ्यानं लागावी असं मला फार वाटे. पण आवाजाचं बटणही माझ्या हातात नव्हतं.

पाऊस पडला नाही. चातुर्मास संपला, तरी व्रत संपलं नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, मग तेही बेभरवशाचं. गॅलरीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नवी बिल्डिंग उठत होती, पुढं आणखी दोन. एवढी माणसं येणार, पिणार काय, असं रोज माझ्या बातम्यांतही विचारायचे. बोअरचं मशीन दिवसभर घरघरायचं आणि कोरडी पांढरी माती उडवायचं. ती माती माझ्या अंगावर बसायची.

त्या धुळीत केशवराव माझ्यापुढं बसायचे. मॅच लागली की समालोचकाच्या मागोमाग म्हणायचे, “काय मारलाय! बघितलंस का गं?”

“बघितला हो,” देवाकडे तोंड करून कालिंदीबाई म्हणायच्या.

“चित्र मात्र एकदम स्वच्छ. तुझी निवड म्हणजे निवड.”

त्या हसायच्या. वाटायचं त्यांना, व्रताला गुण येतोय.

एका वर्षाची वॉरंटी माझी. ती संपून पंधरा दिवसही झाले नसतील, आणि माझ्या आतल्या दिव्यांची पट्टी गेली. वाईट याचं की चित्र माझ्यात उमटतच होतं. रंग, माणसं, खालची पट्टी, सगळं जागेवर होतं. फक्त मागचा उजेड गेला होता. बाहेरून मी काळी पाटी. आवाज तेवढा चालू.

आणि घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एक दिवस गेला, चार गेले. बारा दिवस मी काळा होतो. दुपारी गॅलरीतलं ऊन माझ्या काचेवर पडायचं, रात्री खोलीतल्या दिव्याचा उजेड, त्याची लखलख केशवरावांच्या नजरेला लागायची, आणि तेच त्यांना चित्र वाटायचं. “आज रंग जरा भडक आलाय,” असंही एकदा म्हणाले. कालिंदीबाई “हो ना” म्हणाल्या. मी बिघडलो याचं दुःख नव्हतं, वस्तू बिघडतेच. पण बारा दिवस आपण नाही आहोत आणि कुणाला ते कळू नये, हे फार खोल लागतं.

तेराव्या दिवशी चारच्या सुमाराला समोरच्या फ्लॅटमधली करुणा आली. शाळेत शिकवते ती. दारातूनच ओरडली, “अवो काकू, टँकर आलाय ना! हंडे काढा पटकन, नाय तर खालचे लोक थेंब ठेवणार नाय.”

“आले का वरुणराजे?” केशवराव म्हणाले.

“देवाची थट्टा नको हो,” कालिंदीबाई हातातल्या वाती आवरायला लागल्या.

“केवढं ऊन येतंय डोक्यावर तुमच्या,” म्हणत करुणानं गॅलरीचा पडदा सर्रकन ओढला.

“अरे, टीव्ही का बंद केला?” केशवरावांनी विचारलं.

मॅचचा आवाज तर चालूच होता. लोक टाळ्या वाजवत होते.

“बंद कुठं? चालू आहे की,” मागं न वळता कालिंदीबाई म्हणाल्या.

करुणा माझ्याकडे वळली. मग तिनं केशवरावांकडे बघितलं, मग कालिंदीबाईंच्या पाठीकडे. तिचा आवाज एकदम खाली आला. “काकू, टीव्ही काळा आहे. नुसता आवाज येतोय. तुम्ही दोघं... काय बघताय?”

बाहेर टँकरभोवती भांडणं लागली होती. कालिंदीबाई उठल्या, खुर्चीला वळसा घालून नवऱ्यापुढं आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवला. माझ्याकडे अजूनही बघितलं नाही.

“कधीपासून दिसत नाही?”

“तू कधीपासून बघत नाहीस?” केशवरावांनी विचारलं.

मग एकेक करून सगळं निघालं. डॉक्टर, न घेतलेले थेंब, आषाढीचा संकल्प. कालिंदीबाई रडल्या, पण आधी चिडल्या. “मी वर्षभर चष्म्याच्या नंबरासाठी देवाला साकडं घालतेय! त्याला तरी खरं काय ते कळू द्यायचं होतं!”

“तुला कळलं असतं तर तू पाणी सोडलं असतंस.”

“मग सोडलं असतं! नाही तरी कुठं आहे पाणी!”

करुणा पाणी आणायची विसरून तिथंच उभी होती. शेवटी तीच बोलली, “भांडून झालं असेल तर सांगा. उद्या माझी सकाळची शाळा. दुपारी मी घेऊन जाते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोघांनाबी.”

डॉक्टरांनी सांगितलं ते करुणानं घरी येऊन पुन्हा एकदा हळूहळू सांगितलं. जी नजर गेली ती येणार नाही. जे थोडं उरलंय, सावली आणि उजेड, ते थेंब घातले तर टिकेल. सकाळ-संध्याकाळ, रोज, न चुकता. वर्षापूर्वी सुरू केले असते तर, हे वाक्य तिनं अर्ध्यावर सोडलं.

मेकॅनिकनं माझी पट्टी बदलली. मला पुन्हा उजेड आला, पण कालिंदीबाईंची चटई देवघरापुढंच राहिली. नजर पहिल्यासारखी होईपर्यंत, असा संकल्प होता. ती तर आता कधीच होणार नव्हती. म्हणजे मी आता जन्मभर पाठीकडेच बघणार, असं मी मनाशी धरलं.

सात-आठ दिवसांनी, संध्याकाळचे थेंब घालून झाल्यावर केशवराव म्हणाले, “कालिंदी, ताम्हन आण.”

“कशाला?”

“व्रत सोडवायला. पिशोरच्या जोशांचा मुलगा आहे मी, विसरलीस काय? उद्यापन मला येतं.”

“फळ मिळाल्याशिवाय कसं सोडायचं? देवाला काय वाटेल?”

“देवाला काय वाटायचं ते वाटू दे. मला आता दिसत नाही गं. घरात बघणारं एक तरी माणूस पाहिजे. पळीभर पाणी आण, तेवढं असेल घरात.”

त्यांनी पाणी आणलं. केशवरावांनी मंत्र म्हटले. त्यांना पुस्तक कधी लागलंच नव्हतं. कालिंदीबाईंच्या हातावर पाणी सोडताना थोडं बाहेर सांडलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनगट धरून ताम्हनावर आणलं. नमस्कार झाला. मग त्या चटई उचलून खुर्चीशेजारी आल्या, आणि वर्षभरानं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं होतं, माझे जुने दिवस परत येतील. तसं झालं नाही. त्या माझ्याकडे बघतात, आणि लगेच वळून नवऱ्याला सांगतात. क्रिकेट त्यांना अजूनही कळत नाही. “त्या उंच पोरानं लांब मारला हो.” “कुठं?” “त्या पाटीकडे.” “कुठली पाटी?” “ती सिमेंटची जाहिरात नाही का!” केशवराव पोट धरून हसतात. अर्धा वेळ कालिंदीबाईंचा चेहरा माझ्याकडे असतो, अर्धा वेळ नवऱ्याकडे. माझ्यासाठी म्हणून मला आता कुणीच बघत नाही. सातच्या मालिकेत त्या सुनेला सल्लाही देत नाहीत, तिनं काय केलं ते फक्त सांगतात. एकटेपणा आहेच. पण तो वेगळा आहे. या घरात मी आता नुसतं मधलं दार आहे, आणि दाराकडे कुणी थांबून बघत नाही.

एक मागणं आहे. तुम्ही कधी माझ्यासारख्याला घ्यायला दुकानात जाल. इंच विचाराल, किंमत विचाराल, वॉरंटी विचाराल, जरूर विचारा. पण ज्याच्यासाठी घेताय त्याला “दिसतंय ना?” असं विचारलंत, तर आधी माझा आवाज बंद करा. आणि मग उत्तराची वाट बघा.

आज दुपारी पुन्हा मॅच आहे. कुणीतरी बाद झालंय, लोक ओरडतायत.

“काय झालं गं?” केशवराव विचारतात.

कालिंदीबाई पुढं वाकून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघतात. “नाही कळलं हो मला,” त्या म्हणतात. “थांबा, परत दाखवतील.”

मी परत दाखवतो.