दोनशेच्या आत

सरकार म्हणजे मी. असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. तेल महागलं, दूध महागलं, शाळेच्या बसचं भाडं वाढलं, की गल्लीत गळ्यात ओळखपत्र अडकवून शिरणारा पहिला सरकारी माणूस मीच असतो. मग लोक माझ्यावरच तोंडसुख घेतात. मी विजेच्या मीटरचे आकडे टिपतो. तेलाचा आणि माझा संबंध आमच्या घरच्या कढईपुरता. पण दुसऱ्या मजल्यावरची एक बाई मला दर महिन्याला जिन्यात गाठून विचारते, "अहो, आणखी किती वर नेणार?" जणू मीच पहाटे उठून भाव चढवून येतो.

वीस वर्षं झाली या नोकरीला. कातडी गेंड्याची झाली आहे, असं मी समजत होतो.

त्यात ही सबसिडी आली. दोनशे युनिटच्या आत राहिलात तर बिल निम्म्याहून कमी. दोनशे एक झालं की सगळ्याच्या सगळ्या युनिटना पूर्ण दर. गोम अशी, की माझ्या हातातलं बिलाचं यंत्र दिवस बघत नाही, फक्त आकडा बघतं. मी तिसाव्या दिवशी गेलो तर घर आत, तेहतिसाव्या दिवशी गेलो तर घर बाहेर. आणि तेहतीस दिवस लागायचेच, कारण माझा जोडीदार निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरली नाही, त्याच्या गल्ल्या माझ्या गळ्यात मारल्या. पूर्वी एखाद्या म्हाताऱ्या बाईसाठी दोन युनिट इकडेतिकडे करता यायचे. आता यंत्र मीटरचा फोटो काढतं. दया करायची सोय राहिली नाही.

त्या जिन्यातल्या बाईच्याच इमारतीत तळमजल्यावर घड्याळवाले काका राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, मग फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सोळा तास ऑक्सिजनच्या मशीनवर राहायचं. सहा तास दिवसा, दहा तास रात्री. मशीन पलंगाशेजारी घरघरत असायचं आणि काका नाकात नळी घालून खिडकीशी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेले असायचे. काकू दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायच्या, सकाळी आठला जायच्या, संध्याकाळी सहाला यायच्या. ती गल्ली माझ्या रोजच्या वाटेवर. मी खिडकीतून डोकावलो की काका म्हणायचे, "या मीटरशेठ, आज कुणाच्या शिव्या खाल्ल्या?" शिव्या न देणारं ते एकच घर होतं.

मागच्या महिन्यात मी तेहतिसाव्या दिवशी गेलो आणि आकडा निघाला दोनशे पाच. पाच युनिटांपायी बिल दुपटीच्या वर गेलं. काकूंनी त्या महिन्यात चारही रविवार कामावर काढले. काकांना ते फार लागलं. "तिचे पाय सुजलेत हो," एवढंच एकदा म्हणाले.

या महिन्यात त्यांनी स्वतःच मीटरवर नजर ठेवली. मंगळवारी मी खिडकीशी थांबलो, तर म्हणाले, "एकशे चौऱ्याहत्तर झालेत. तुम्ही कधी येताय?"

"गुरुवारी तीस दिवस होतात. गुरुवारी सकाळी पहिलं तुमचं घर."

"नक्की?"

"अहो काका, शब्द दिला."

"हे धूड किती खातं?" त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं.

"तीन तासांना एक युनिट धरा."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. घड्याळजीच तो, तोंडाने पुटपुटायचीसुद्धा गरज नव्हती. "गुरुवारी आलात तर आरामात बसतंय. आणि नाही आलात तर?"

"तर दिवसा मशीनला सुट्टी द्या," मी म्हणालो.

आम्ही दोघंही हसलो. हसताना त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसात फर्मान आलं. गुरुवार-शुक्रवार जनता तक्रार दरबार, मोठे साहेब येणार, सगळ्या मीटरवाल्यांनी सभागृहात हजर राहायचं. दरवाढ आणि सबसिडीबद्दल इतका ओरडा झाला होता, की वरून कुणीतरी लोकांचं ऐकून घ्यायला सांगितलं होतं. ऐकून घेणं म्हणजे साहेब मंचावर आणि आम्ही रांगेत टोकन वाटायला. कुणी फारच तापला तर त्याला पाणी द्यायचं, तेही आमचंच काम.

दोन दिवस लोक बोलत होते. एक निवृत्त मास्तर तेलाच्या पाच वर्षांच्या किमती पाठ म्हणून दाखवत होते. एक जण म्हणाला, फुकटे सबसिडी खातात म्हणून आम्हाला महाग पडतं. त्याच्या मागची बाई म्हणाली, "फुकटी मीच, बघून घे नीट." मारामारीच व्हायची, मी मध्ये पाण्याचा पेला धरला. एका म्हाताऱ्याने विचारलं, मीटरवाला वेळेवर का येत नाही? साहेबांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, कामचुकारांवर कारवाई होईल. टाळ्या पडल्या. माझ्या गल्ल्या त्या क्षणी माझ्याशिवाय ओस पडल्या होत्या, हे सांगायला मी तोंड उघडलं नाही. नोकरी आहे बाबा. काकांची आठवण दोनदा आली. वाटलं, सोमवारी जाऊ, चार टोमणे ऐकून घेऊ.

शनिवार-रविवार सुट्टी होती. माझा सुट्टीचा दिवस मी कुणाला देत नाही.

सोमवारी सकाळी पहिलं त्यांचंच घर घेतलं. दार उघडंच होतं. खिडकीजवळची खुर्ची भिंतीला लावलेली, पलंगावरची गादी गुंडाळलेली. काकू जमिनीवर बसल्या होत्या.

"शनिवारी गेले," त्या म्हणाल्या.

मी चपला काढून आत गेलो.

"बरं झालं तुम्हीच आलात. तक्रार लिहून घ्या." त्या उठल्या. "मी सहाला आले तेव्हा मशीन बंद होतं. नळी नाकातच, आणि मशीन बंद. काल दुकानदाराला बोलावून दाखवलं, तो म्हणतो मशीन ठणठणीत आहे. मग वीजच गेली असणार. शेजारचे म्हणतात गेली नव्हती. त्यांना काय कळतंय? तुम्ही लिहा, शनिवारी दिवसभर वीज नव्हती आणि माझा माणूस गेला. कुणाला तरी जाब विचारला पाहिजे ना?"

"बघतो," मी म्हणालो. आधी मीटर बघावं लागतं. यंत्र मीटरसमोर धरलं. फोटो निघाला, पावती सरसर बाहेर आली. ती खिशात घालायचं माझ्या मनात होतं, पण काकूंनी हात पुढे केला.

एकशे अठ्ठ्याण्णव. खाली छापलं होतं, 'अभिनंदन, आपण सवलतीस पात्र आहात.'

त्यांनी पावती डोळ्यांजवळ नेली. "किती दिवसांचं हे?"

"चौतीस."

"गेल्या महिन्यात तेहतीस दिवसांत दोनशे पाच होते. तेच मशीन, तोच पंखा." त्या माझ्याकडे बघू लागल्या. "मीटर बिघडलंय का?"

वीस वर्षांत मीटर जोरात पळतंय म्हणून भांडणारे हजार भेटले. आकडा कमी आला म्हणून विचारणारी ही पहिलीच. हो म्हणणं माझ्या हातात होतं. मीटर हळू चालतंय काकू, एवढंच म्हणायचं आणि वर तक्रार पाठवायची. मग तपासणीवाले येणार आणि मीटर बरोबर आहे म्हणून लिहून देणार. तोवर महिनाभर त्यांना शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

"मीटर बरोबर आहे," मी म्हणालो. "वीजही गेली नव्हती."

"मग मशीन बंद कोण करणार? घरात ते एकटेच..."

त्या मध्येच थांबल्या. आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"शुक्रवारी रात्री म्हणत होते, मीटरशेठ अजून आले नाहीत. शनिवारी मी निघताना पुन्हा तेच. मी म्हटलं, येतील हो, एवढं काय पडलंय तुम्हाला त्यांचं? मला वाटलं, गप्पा मारायला वाट बघतायत. आवाज बसलेला होता त्यांचा. मी म्हटलं, कमी बोला आज." त्यांनी पदराने तोंड दाबलं. "बटणाला हात लावायचा विचार त्यांच्या डोक्यात आला कुठून? घाबरट माणूस हो तो. नळी सरकली तरी मला हाक मारायचा."

"माझ्याकडून आला," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं. तीन तासांना एक युनिट, गुरुवारचा शब्द, दिवसा सुट्टी द्या असं मी म्हणालो ते, आम्ही हसलो ते. दरबार होता, तेही सांगितलं. ते सांगताना माझं मलाच ऐकवेना.

काकूंनी शिवी दिली नाही. दिली असती तर मी आनंदाने ऐकून घेतली असती. त्यांनी पावतीची घडी केली, पुन्हा उलगडली आणि विचारलं, "एक फोन नाही करता आला? उद्या येत नाही, सोमवारी येतो, एवढंच. त्यांनी गुरुवारीच मनातून सोडून दिलं असतं. म्हणाले असते, जाऊ दे, भरू पूर्ण बिल."

साहेबांसमोर फोन काढायची बंदी होती, असं म्हणता आलं असतं. नंबर नव्हता, असंही म्हणता आलं असतं. बंदी नव्हती, नंबरही होता. मला तो फोन करण्याइतकं ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं, इतकंच. तेवढं मी त्यांना सांगून टाकलं.