एक खुर्ची, पाच पदाधिकारी

बाबा गेल्यावर घरात त्यांची चाकांची खुर्ची उरली आणि माझ्या डोक्यात संस्था शिरली. रुग्णांना लागणारं सामान फुकट वापरायला देणारी संस्था. सामान म्हणजे तूर्त ही एकच खुर्ची, पण पदाधिकारी पाच ठरले होते, तेही सगळे घरातलेच. बत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला कामाच्या आधी फॉर्म सुचतो, त्याला मी तरी काय करणार?

फॉर्म दोन पानी होता. तो मी तीनदा सुधारला आणि तिन्ही वेळा स्वतःवरच खूश झालो. आठवड्याला एक बैठक व्हायची, आमच्या पुढच्या खोलीत. बसायला जागा कमी पडे, म्हणून नियोजित अध्यक्ष, म्हणजे अस्मादिक, बाबांच्या खुर्चीत बसत. एखादा मुद्दा पटला नाही की मी चाकं फिरवून जरा मागे सरकायचो.

धाकटी बहीण पहिल्याच बैठकीत म्हणाली, "दादा, समोरच्या दवाखान्यात हेच काम चालतं. वहीत सही करायची, सामान न्यायचं. खुर्ची त्यांनाच देऊन टाक की."

"त्यांच्या वहीला समाससुद्धा नाही," मी म्हणालो. हे इतिवृत्तात नोंदवलं गेलं. इतिवृत्त मीच लिहीत होतो.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका जिन्यात पडले आणि पाय मोडून बसले. काकू दवाखान्यातून खुर्ची आणायला निघाल्या, तर मी त्यांना दारातच गाठलं.

"तिकडे कशाला जाता काकू? आपली घरची संस्था आहे. नोंदणी झाली की पहिला मान तुमचा," असं म्हणून हातात फॉर्म ठेवला. काकू पडल्या भिडस्त, परत फिरल्या.

नोंदणी अडली नावावर. बाबांचं नाव द्यायचं हे नक्की होतं, पण ते 'स्मृती'च्या आधी की नंतर, यावर पुढच्या दोन बैठका गेल्या. चौथ्या बैठकीत काकू भरलेला फॉर्म घेऊन आल्या. उशीर झाला म्हणून वर माझीच माफी मागून गेल्या. मी अध्यक्षीय आवाजात वाचायला घेतलं. 'गरजेचे स्वरूप, किमान शंभर शब्दांत' या रकान्यात एकच ओळ होती: 'तीन आठवडे झाले, यांना खिडकीपर्यंतही जाता आलेलं नाही.'

हे मी खुर्चीत बसून वाचलं.

मग बहीण हळूच म्हणाली, "दादा, तुला संस्था काढायची नाहीये. तुला बाबांची खुर्ची द्यायची नाहीये."

मला तिचा रागच आला. मी चाकं फिरवून मागे सरकलो, पार भिंतीला टेकेपर्यंत, तेही सगळ्या पदाधिकाऱ्यांसमोर. खुर्चीच्या हाताला एक कापडी खिसा होता. बाबांच्या चष्म्यासाठी शिंपीकाकांनीच तो शिवून दिला होता, सांगितलं त्याच दिवशी. चष्मा अजून त्यातच होता. तो मी काढून घेतला.

मेहुणे आणि मी खुर्ची खाली नेली. काकांना बसवून खिडकीशी नेलं. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिसा चाचपला.

"उसवलाय जरा. सुई दे गं," ते काकूंना म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सही कुठे करायची?"

"कुठेच नाही काका. संस्था काढायची नाही असं ठरलं. आत्ताच, जिन्यात."

"म्हणून मिळाली होय," काका म्हणाले आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.