दुसरीच्या हातची घडी

रबराचं कडं इवलंसं, बोटाला रुतणारं — त्यात पॅराशूटच्या दोऱ्यांचा एक वेढा खोचायचा, मग पुढच्या कड्यात दुसरा... धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या ती अशाच बांधायची, तो पाय हलवत राहायचा आणि ती ओरडायची, थांब रे गाढवा, तोंडावर आपटशील!

आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. आणि आता तो त्या तुकडीत — जिच्याबद्दल छावणीतही लोक आवाज खाली आणून बोलतात, जी अंधारात शत्रूच्या मुलखात उतरते, ओलिसांना सोडवून आणते, आणि कुठे गेला होता विचारलं तर ‘इथेच होतो’ म्हणते. आज त्याची पहिली मोहीम. सराव नव्हे.

पॅराशूट बांधणाऱ्यांच्या या खोलीत दंडक एकच: कुठली पिशवी कोणाच्या पाठीवर जाणार ते बांधणाऱ्याला कळता कामा नये, म्हणजे सगळ्या घड्यांना सारखाच जीव लावला जातो. इतकी वर्षं तिनं तो पाळला. आज मात्र ही एक घडी तिनं पुन्हा पुन्हा कुरवाळली आणि पिशवी मुद्दाम मांडणीच्या तळाशी ठेवली. कारण हा पठ्ठ्या साधा टॉवेल घ्यायचा झाला तरी चळतीच्या तळातून ओढणारा. चूक होती. कळत होतं. पण कळून काय करायचं?

समोरच्या टेबलाशी घड्या घालणारी दुसरी बाई, तिच्या मनातली ‘बडबडी’. सून, शेजारीण, गुडघे — तिच्या तोंडाचा पट्टा चालू, आणि हात कुठे चालतात देव जाणे! तिच्या हातची तर नकोच नको...

दुपारी तुकडी आली. धाकटा पुढे, त्याच्यामागे एक मिशीवाला जवान.

“ताई, तुझ्या हातची कुठली गं?”

“सगळ्या सरकारच्या. उचल आणि चालू पड.”

तोंड असं बोललं, पण मेले डोळे खाली वळलेच. त्यानं ते पाहिलं. लहानपणी चोरी पकडल्यावर हसायचा तसा हसला, आणि मागे वळून म्हणाला, “दादा, ती तळातली तुम्ही घ्या. परवाच बाप झालात ना!”

स्वतः त्यानं वरची ओढली. बडबडीची.

अरे, कोण तो मिशीवाला, कोणाचं ते बाळ, आणि मी तुझी कोण — राग होता की काय होतं... तोवर तो निघालाही होता. दारात त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, जणू तोच थोरला.

विमानाचा आवाज चढला, लांबला, विरला.

“माझी होती ना गं ती?” बडबडीनं हळूच विचारलं.

“हो.”

पुढच्या पॅराशूटच्या कापडाची कडा बडबडीनं सपाट केली, अंगठा मागे नेला, न दिसणारी एक चुणी मोडली, पुन्हा मागे नेला. इतकी वर्षं समोरासमोर, आणि हे हात मी कधी पाहिलेच नाहीत... त्यांचा अंगठा वाकडा होता, नखाशी चीर होती, आणि आज त्यांच्या भरवशावर तिचा धाकटा होता.

भीती गेली नव्हती, जाणारही नव्हती. पण तिला त्या हातांजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि तिनं आपलं स्टूल उचललं.