तीन बोटांची खूण

ट्रेडमार्क कार्यालयाची हरकत आली, तेव्हा चारुलता धरणगावच्या गच्चीवर बिबडे पालटत होती. ज्वारी भिजवायची, आंबवायची, शिजवायची आणि ओल्या कापडावर हाताने थापून वाळवायची. असे हे पापड ती दोन वर्षं जळगाव-धुळ्याला विकत होती. पाकिटावर ‘अस्सल खान्देशी बिबडे’ असं लिहिलेलं. आता जळगावच्याच एका व्यापाऱ्यानं हीच अक्षरं छापून यंत्रावरचे बिबडे बाजारात आणले होते, आणि त्याला अडवायला चारुलताकडे नावनोंदणीचा कागद नव्हता; त्यासाठी केलेल्या अर्जावरच ही हरकत होती.

“चारूताई, खान्देश तुमच्या एकटीचा का?” नोंदणीचं काम बघणाऱ्या मोईजभाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“नाही.”

“आणि बिबडे?”

“तेही नाही.”

“मग उरलं अस्सल. ते तर नक्कल करणारा आधी लिहितो.” त्यांनी हरकतीचा कागद मिटला. “गिऱ्हाईक तुमचा माल कशावरून ओळखतं, ते शोधून आणा. त्याची नोंद करू.”

चारुलता रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. शोधा म्हटलं की तिला प्रयोगच सुचायचा. गल्लीतल्या वेगवेगळ्या घरांतून तिने सहा बिबडे आणले, एक आपल्या मालातला घातला आणि पाकिटाशिवाय धुळ्याला सुनंदाबाईंच्या दुकानात मांडले.

“यातला माझा कोणता?”

सुनंदाबाईंनी वास घेतला नाही, मोडूनही पाहिला नाही. थेट तिसरा उचलला.

“हा. गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, पोरी. उजेडात धरून बोटं बघतं.”

चारुलताने बघितलं. मधोमध तीन खळगे. दोन जवळ, तिसरा जरा लांब. बाकीच्यांवर कुठे एक अंगठा, कुठे फुली. एकाच गच्चीवर चार घरांचे बिबडे वाळतात, म्हणून बायका ओल्या बोटाने खूण करतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. बघत आली म्हणूनच कधी दिसलं नव्हतं.

घरी येऊन तिने चाळीस बिबड्यांवर मोजपट्टी ठेवली. खळग्यांमधलं अंतर मिलिमीटरभरही फारसं हलत नव्हतं. पण ही खूण तिच्या घरची नव्हतीच. ती होती शेजारच्या प्रमिलाबाईंची, म्हणजे अक्कांची. चारुलताचा माल पहिल्या दिवसापासून त्याच थापत होत्या, आणि सवयीने आपलीच खूण करत होत्या.

“अक्का, हे तिसरं बोट लांब का?”

प्रमिलाबाई हसल्या. “सासूनी खून दोन बोटनी. मी लगन करीसन उनू, तर पातळ बिबडा बठ्ठा मना, जाडा तुना, असं ती सांगे. मंग मी तिसरं बोट लाई दिधं. जरा दूर.” पातळ, चांगला तेवढा सासू आपला म्हणायची आणि जाड तो सुनेचा, म्हणून सासूच्या दोन बोटांपासून लांब त्यांनी आपलं तिसरं टेकवलं होतं.

चारुलताने अर्जाचं सगळं समजावून सांगितलं. अर्जात दोघींची नावं घालू, खूण दोघींची राहील, आणि धंदा वाढला की आणखी बायका लावू.

प्रमिलाबाईंनी हात पुसले. “नाव घाल. पन ज्याले मना हात लागना नही, त्यावर ती खून नको.”

“मग धंदा वाढायचा कसा, अक्का? मी शिकले तर?”

“शिक मंग. मी देखसू.”

चारुलताला आधी हा अडथळा वाटला. मग मोईजभाईंनी दिलेला माहितीचा कागद तिने पुन्हा वाचला. माल कुणाकडचा आहे हे गिऱ्हाइकाला कळावं, म्हणून चिन्ह. अक्काही वेगळं काही मागत नव्हत्या.

मोईजभाईंनी नवा अर्ज भरताना विचारलं, “वापर कधीपासून लिहू?”

“मालावर दोन वर्षं. त्याआधी गच्चीवर.”

“गच्चीला रकाना नाही,” ते म्हणाले आणि दोन वर्षं लिहून मोकळे झाले. अर्जदारांच्या जागी त्यांनी दोन नावं घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलताने चाळीस बिबडे थापले. मागून प्रमिलाबाई पाण्याची वाटी घेऊन चालत आल्या. कुठे वाकून तीन बोटं टेकवत, कुठे नुसत्याच पुढे जात. रांग संपली तेव्हा खुणा अकराच होत्या.

“आनि ह्या?” बिनखुणेचे बिबडे दाखवताना चारुलताच्याही तोंडी तीच बोली आली.

“त्या घरमा खावाले.”

ऊन चढलं. चारुलताने कापडाला मागून पाणी लावून खुणेचा एक आणि बिनखुणेचा एक असे दोन बिबडे सोडवले. दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरले आणि फरक कुठे आहे ते शोधू लागली.