लक्क्याचा विमा

महेबूबची रुखसार जनावरांची डॉक्टर होऊन जालन्याच्या दवाखान्यात बसायला लागली, तेव्हापासून अतिकला महेबूबच्या घरचा चहा गोड लागेना.

राजूरला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर अतिकचं बांगड्यांचं दुकान, त्याला लागूनच महेबूबचं गाद्यांचं. घरंही शेजारी आणि गच्च्याही एकमेकींना चिकटलेल्या. दोघांनी पोरवयापासून कबुतरं पाळलेली. कुणाचं जास्त वेळ वर राहिलं, कुणाच्या जोडीनं देखणी पिल्लं काढली, यावरून जन्मभर चढाओढ चाललेली. पण त्यात गंमत होती. महेबूब जिंकला की अतिक भजी आणायचा. आता पोरगी डॉक्टर झाली, त्यावर काय आणायचं?

अतिकचा अकिब हुशार होता, पण परीक्षा देऊन देऊन थकला, कुठं नंबर लागला नाही. तो आता विमे विकायचा. गाड्यांचे, दुकानांचे, माणसांचे.

"कबुतर आजारी पडलं तर मला कशाचा घोर?" महेबूब गच्चीवरून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "घरचीच डॉक्टर हाय. एक रुपयाचा खर्चा न्हाई."

पलीकडं दाणे टाकणाऱ्या अतिकच्या अंगाची आग व्हायची. एके दिवशी दाणे टाकता टाकताच त्याच्या मनात आलं, त्याची पोरगी डॉक्टर असेल, तर माझा पोरगा विमेवाला हाय. काढतो सगळ्या कबुतरांचा विमा, अन् मीही सांगतो गच्चीवरून.

जेवताना त्यानं विषय काढला. "अकिब, आपल्या कबुतरांचा विमा काढ. लक्क्याचा पहिला."

लक्का म्हणजे त्याचा पांढराशुभ्र नर. छाती काढून, शेपटीचा पंखा पसरून चालायचा. त्याला मागायला अंबडहून लोक येऊन गेलेले.

"काढता येईल, अब्बा," अकिब म्हणाला. "पण तुमच्या कामाचा न्हाई. कबुतर मेलं, चोरीला गेलं, तर भरपाई भेटते. इलाजाच्या खर्चाला सतरा अटी. आपल्याला कबुतर वाचवायचं हाय न? मंग हप्त्याला जातील तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाका. दवाखान्याला कामी येतील."

"महेबूबनं सांगितलं असतं तर काढला असता."

"चाचांनाही हेच सांगितलं असतं."

"त्याची पोरगी बापाच्या कामाला येऊन राह्यली," अतिकचा आवाज चढला, "अन् माझा पोरगा बापालाच अटी सांगून राह्यला. शिकला असता धड, तर ही वेळ आली असती का?"

अकिबचा घास हातातच राहिला. त्यानं ताट सारलं आणि उठून गाडी घेऊन निघून गेला.

"दुसऱ्याच्या लेकरासंगं आपलं लेकरू तोलू नका," खैरुनबी, अतिकची बायको, एवढंच म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं. त्यानंतर बापलेकात कामापुरतंही बोलणं राहिलं नाही.

अतिक हट्टाला पेटला होता. त्यानं भोकरदनचा दुसरा एजंट गाठला. तो लगेच तयार झाला, पण म्हणाला, "प्रत्येक कबुतर ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला लागेल." आणि पाखरांची डॉक्टर जवळपास एकच होती.

अतिकनं बरेच दिवस टाळलं. शेवटी बांगड्यांचा माल आणायचा म्हणून घरी सांगितलं, लक्क्याला टोपलीत घातलं आणि जालन्याची बस धरली.

दवाखान्यात शिरला, तर समोर बाकावर मांडीवर टोपली घेऊन महेबूब बसलेला. दोघांचेही चेहरे पडले. तेवढ्यात आतून हाक आली आणि महेबूब उठून आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला, खिडकीशी थांबला आणि खिशातून पैसे काढून त्यानं पावती घेतली.

अतिकनं ते डोळे भरून पाहिलं. त्याला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटली.

"पुढचे या!" रुखसार दारात आली, आणि अख्खा बाक अदबीनं सावरून बसला. महेबूब टोपली छातीशी धरून तिच्याकडं बघत होता. ते बघणं पाहून अतिकचा आनंद तिथंच विरला.

"अतिकचाचा! या न." अतिकनं दाखल्याचं सांगितलं, तशी तिनं लक्क्याची चोच उघडून आत बॅटरी मारली. बराच वेळ पाहिलं. "दाखला न्हाई देता येणार, चाचा. घशात पिवळे चट्टे हायेत. पण जल्दी आणलं तुम्ही, बिलकुल बरा होईल. याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, पाण्याची भांडी रोज धुवा."

औषध घेऊन, फी भरून अतिक स्टँडवर आला. महेबूब बसमध्ये बसलेला होता. शेजारची जागा त्यानं रुमाल टाकून धरून ठेवली होती.

बस जालन्याबाहेर पडल्यावर अतिक म्हणाला, "खर्चा न्हाई म्हणत होतास न तू?"

"दवाखाना तिच्या एकटीचा न्हाई. फी सगळ्यांनाच हाय."

"अन् कबुतराला काय झालं?"

महेबूबनं टोपलीचं झाकण जरासं उघडून दाखवलं. "काही न्हाई झालं," तो म्हणाला. "ठणठणीत हाय. पोरगी घरी येतच न्हाई रे. फोन केला तर म्हणते, पेशंट हाय अब्बा, मंग बोलते. नंबर लावला की समोर उभी तरी राहते. कबुतराची नखं कापते, तेवढ्यात मी बघून घेतो तिला. आज विचारलं, जेवलीस का? तर म्हणे, बाहेर लोक थांबलेत."

अतिकनं एक टोमणा तयार ठेवला होता. तो त्यानं गिळला.

घरी पोचला तेव्हा अकिब दारात गाडी पुसत होता. "लक्का आजारी निघाला," अतिक म्हणाला. "रुखसारकडं गेल्तो."

अकिबनं फडकं टाकलं, हात धुतले आणि टोपली उघडली. त्यानं लक्क्याला पोटाशी धरलं, अतिकनं चोचीत औषधाचे थेंब सोडले.

"बराबर धर."

"धरलंय, अब्बा."

"ते पैसे बाजूला टाकायचं म्हणत होतास, ते कसं करायचं?"

अकिब सांगू लागला. वेगळं खातं कुठं उघडायचं, विणीच्या दिवसांत जास्त का टाकायचे. अतिकला सगळं समजलं होतं, तरी तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांग." आणि अकिब पुन्हा सांगत बसला.

लक्का बरा झाला. पुढं एका शुक्रवारी नमाज पढून मशिदीतून निघताना कुणीतरी महेबूबला हाक मारली, "ओ डॉक्टरसाहिबाचे अब्बा!" अतिकला झोंबायचं ते झोंबलंच. बाहेर गप्पांना न थांबता तो तडक घराकडं निघाला. अकिब त्या दिवशी दुपारी जेवायला घरी होता, आणि अतिकला त्याच्याबरोबर ताटावर बसायचं होतं.