चार हीटर प्लग आणि दोन भाऊ

थोरला आणि धाकटा मिळून लोकांची घरं हलवायचे. कपाटं, पलंग, फ्रिज एका घरातून उचलायचे आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवायचे. गाडी मात्र वहिनी चालवायच्या. थोरल्याच्या हातात चाक असलं की शेजारी बसलेला धाकटा प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबायचा. धाकटा चालवायला बसला की थोरला डोळे गच्च मिटून घ्यायचा, तेही त्याला दिसेल असे. या रोजच्या कटकटीला कंटाळून थोरल्याच्या बायकोनेच लायसन्स काढलं. धाकटा तिला वहिनी म्हणायचा म्हणून गिऱ्हाईकंही वहिनी म्हणू लागली, आणि आता खुद्द थोरलाच चारचौघांत कधीकधी "ते वहिनींना विचारा" म्हणून जायचा आणि मग जीभ चावायचा.

गाडी जुनी डिझेल व्हॅन होती, सासऱ्यांच्या काळातली. उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागायची. हवा गार झाली की मात्र सकाळी तिचं डोकं फिरायचं. चावी फिरवली की ती खोकायची, कण्हायची, गल्लीभर पांढरा धूर सोडायची आणि गप्प व्हायची. मग दोघे भाऊ मागे जाऊन ढकलायचे, आणि ढकलतानाही कोण जास्त जोर लावतोय यावरून बोलाचाली व्हायची.

हे सगळं खपून गेलं असतं, पण एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं सामान भरून झालं आणि गाडीने नेमकी तिथेच मान टाकली. आत तीन लोखंडी कपाटं, शिवाय भलंमोठं जेवणाचं टेबल. दोघांनी खांदे लावले, तोंडं लाल केली, गाडी जागची हलेना. मुख्याध्यापिका फाटकापाशी उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. मग त्यांनी पर्स गळ्यात अडकवली, बाह्या वर केल्या आणि दोघांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"मी तीन म्हटल्यावर," त्या म्हणाल्या. "आधी कोणी शहाणपणा करायचा नाही."

भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका वेळी ढकलू लागले. गाडी सुरू झाली.

नव्या घरी शेवटचं कपाट भिंतीला लागल्यावर बाई वहिनींना म्हणाल्या, "सामान हलवायला मी तुम्हाला बोलावलं होतं. हलवलं मी. पुढच्या आठवड्यात पुस्तकं न्यायची आहेत. तेव्हा मी फक्त गाडीत बसेन."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने इंजिन तापलेलं असतानाच चारही हीटर प्लग हलक्या हाताने, तेल सोडत सोडत काढले. पेन्सिलीएवढे, काजळीने माखलेले. "डिझेलला ठिणगी नसते," तो म्हणाला. "थंडीत ही पोरं आतली हवा तापवतात, तेव्हा कुठे इंजिन पेटतं. बघू कोण कामावर आहे." त्याने एकेकाला बॅटरीच्या तारा लावल्या. पहिल्याचं टोक लालबुंद झालं. दुसरा जेमतेम तांबूस झाला. उरलेले दोघे ढिम्म.

"दोन मेले, एक मरायला टेकलाय," मिस्त्री म्हणाला. "चारही बदला. आणि घ्यायला जाताना नमुना घेऊन जा."

थोरल्याने यातलं फक्त "दोन मेले" ऐकलं. धाकट्याने फक्त "बदला" ऐकलं. नमुन्याचं कोणीच ऐकलं नाही. वहिनी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, तेवढ्यात दोघेही एकमेकांना न सांगता दोन वेगवेगळ्या दुकानांत जाऊन आले.

सकाळी मिस्त्रीच्या टेबलावर दोन पुड्या पडल्या. थोरल्याच्या पुडीत दोनच प्लग होते. "चालू आहेत त्यांना कशाला हात लावायचा?" तो म्हणाला. धाकट्याच्या पुडीत चार होते, चकचकीत, अगदी नव्या पद्धतीचे. "डोळ्याची पापणी लवायच्या आत तापतात, वहिनी. तुम्ही बघाच!"

वहिनींनी काही म्हणायच्या आत त्याने स्वतःच एकाला तारा लावल्या. प्लग खरंच पापणी लवायच्या आत तापला. लाल झाला, पिवळा झाला, पांढराशुभ्र झाला. "बघा, बघा!" धाकटा ओरडला. प्लगने फट् केलं आणि तो काळा पडला.

"बघितलं," थोरला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद वहिनींनी लग्नातही पाहिला नव्हता.

"पाच व्होल्टचा आहे," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "तुम्ही त्याला आख्खी बॅटरी पाजलीत. नव्या गाड्यांत वीज मोजूनमापून देणारी व्यवस्था असते. या गाडीत कुठली आलीय!" मग त्याने थोरल्याचा प्लग जुन्याशेजारी आडवा ठेवला. आटे सारखे, डोकं सारखं, पण नाक काडीच्या गुलाएवढं जास्त लांब. "आणि हा बसवला तर आत जाऊन कुठेतरी आपटेल. मग प्लगचं सोडा, इंजिनच खोलावं लागेल."

आता हसायची पाळी धाकट्याची होती. थोरला चिडला. "अहो, गाडीचे कागद दाखवून आणलेत! चूक होईलच कशी?"

मिस्त्रीने फडकं घेतलं, इंजिनच्या कडेवरचं वर्षानुवर्षांचं किटण पुसलं आणि आकडे वाचले. "कागद या गाडीचे आहेत. इंजिन हिचं नाही."

दोघे भाऊ आ वासून बघत राहिले. वहिनींनी मोबाइल काढून घरी सासऱ्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, आपल्या गाडीचं इंजिन कधी बदललं होतंत का?"

"बदललं की," पलीकडून सहज उत्तर आलं. "पोरं शाळेत होती तेव्हा."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" दोघे भाऊ एका दमात, एका सुरात म्हणाले, आणि असं एकत्र बोलून गेल्याबद्दल ओशाळून एकमेकांपासून थोडे लांब सरकले.

"तुम्ही दोघं तेव्हा भांडत होतात. मधे बोलायला जागा मिळेल तर ना."

"बाबा, कुठल्या गाडीचं टाकलंत?" वहिनींनी विचारलं.

"बर्फवाल्याची गाडी होती. उलटली बिचारी. इंजिन मात्र अगदी धडधाकट."

"जन्मभर बर्फ वाहिला," धाकटा पुटपुटला, "आणि आता थंडी बाधते होय याला!"

या खेपेला वहिनी एकट्याच गेल्या. जाताना त्यांनी दोन्ही भावांना मिस्त्रीच्या बाकावर बसवलं आणि मधे मिस्त्रीला. तपासणीत लाल झालेला तो एकुलता एक धडका प्लग त्यांनी नवऱ्याच्या चष्म्याच्या डबीत घातला.

"गाडी कोणती?" दुकानदाराने विचारलं.

"ते नका विचारू. तिचं तिलाच माहीत नाही." वहिनींनी डबी उघडली. "याच्यासारखे चार द्या."

"ग्लो प्लग होय! व्होल्ट किती?"

वहिनींनी प्लगचा षटकोनी भाग ओढणीच्या टोकाने खसाखसा घासला. काजळीखालून आकडा वर आला. अकरा. दुकानदाराने मापाच्या चिमट्यात प्लग धरून लांबी, आटे, नाक, सगळं तपासलं आणि मागून तीन प्रकार आणले.

"हे लवकर तापणारे आहेत. अकराचेच."

"यांची वीज तोडणारा आमचा रिले जुना आहे. तो वेळेवर तोडेल का?"

"जुना असेल तर वीज धरून ठेवील. जळतील लवकर."

"मग सावकाश तापणारे दाखवा. आमच्या घरात तसंही लवकर काही होत नाही."

सावकाश तापणाऱ्यांत दोन प्रकार निघाले. एक कंपनीचे, वेगवेगळ्या खोक्यांत. दुसरे स्वस्तातले, एकाच पिशवीत खुळखुळणारे. वहिनींनी पिशवीतले चार काउंटरवर ओळीने उभे केले आणि वाकून पाहिलं. एकाचं नाक आखूड, एकाचं थोडं वाकडं.

"एकाच घरचे आहेत हो," दुकानदार म्हणाला. "उन्नीस-बीस असायचंच."

"एकाच घरच्यांतला फरक मी रोज निस्तरते," वहिनी म्हणाल्या. "खोक्यातले द्या. चारही एकसारखे."

मिस्त्रीने ते आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसवले, मग पाना लावून बेताने आवळले. तारा जोडल्या आणि म्हणाला, "आता उद्या सकाळी गारठ्यात बघा."

सकाळी गारठा चांगलाच होता. काचेवर दव, आणि नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. मुख्याध्यापिका पुस्तकं न्यायला ठरल्या वेळी वहिनींच्या दारात हजर झाल्या आणि पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. वहिनींनी अर्धी चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. तो जाईपर्यंत वहिनींनी चावी तशीच धरून ठेवली. दिवा गेला, चावी पुढे फिरली, आणि इंजिन एका हाकेत धडधडायला लागलं. ना खोकला, ना कण्हणं.

वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी क्लच सोडून गाडी काढलीच. मागे दोघे भाऊ सवयीने दारांना खांदे लावून, पाय रोवून उभे होते, हे त्यांना कुठे माहीत! आधार अचानक निघून गेला आणि दोघे ओंडक्यांसारखे पुढे कोसळले, थोरला खाली, धाकटा त्याच्यावर.

आरशात बघून वहिनी दचकल्या. पण दोघेही बसून हातवारे करत होते, म्हणजे हाडं शाबूत होती. आधी कोण पडला यावरच चाललं असणार.

"थांबायचं का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

वहिनींचा पाय ब्रेककडे गेला, तिथे क्षणभर घुटमळला आणि परत आला.

"येतील मागून चालत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा गिअर टाकला.